विज्ञानाची शिकवणी, जीवशास्त्राच्या पदवीधर ताईंकडे: आठ महिन्यांनंतर

मुलगी नववीत गेली तेव्हा विज्ञानासाठी आम्ही जीवशास्त्राच्या एका पदवीधर ताईंकडे शिकवणी लावली. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, "वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र माझे मुख्य विषय, रसायनशास्त्र पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत होतं, भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं. तिथली अवघड उदाहरणं मला आधी घरी सोडवून बघावी लागतील." शिकवणाऱ्या माणसाकडून इतकं स्पष्ट बोलणं मी प्रथमच ऐकलं, आणि तिथेच माझा निर्णय झाला.

त्यांच्या शिकवण्यात प्रयोगशाळा मुरलेली आहे. खोडाचा आडवा छेद ब्लेडने कसा घ्यायचा, तो जाड झाला तर सूक्ष्मदर्शकाखाली काहीच का दिसत नाही, हे त्यांनी मुलीकडून करून घेतलं. सॅफ्रॅनिन या लाल रंगद्रव्यात ठेवलेल्या छेदात जलवाहिन्यांच्या भिंती लाल होतात, कारण त्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, असतो. ते लाल ठिपके बघितल्यावर मुलीने जी आकृती काढली, ती पुस्तकातल्या आकृतीइतकी सुबक नव्हती, पण नावं एकही चुकली नाहीत.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो प्रकाशसंश्लेषणाचा धडा. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून साखर आणि ऑक्सिजन तयार होतात, हे समीकरण मुलीला पाठ होतं. ताईंनी ते बाजूला ठेवून फान हेल्मोंट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली छापला गेला. 200 पौंड कोरड्या मातीत त्याने 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि त्याला फक्त पाणी घातलं. 5 वर्षांनी झाड सुमारे 169 पौंडांचं झालं, माती मात्र जेमतेम 2 औंसांनी घटली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. "त्याच्या नजरेतून काय सुटलं?" एवढा एकच प्रश्न देऊन ताईंनी तो तास संपवला. मुलगी दोन दिवस त्यावर विचार करत होती. तिसऱ्या दिवशी "हवा!" म्हणून ओरडली, तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते.

पुढच्या तासाला समीकरण परत आलं. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, हे सांगून ताईंनी अणू मोजायला लावले. ऑक्सिजनच्या 6 रेणूंना 12 अणू लागतात आणि पाण्याच्या 6 रेणूंत ते 6च असतात. मग उरलेले कुठून आणायचे? डावीकडे पाण्याचे 12 रेणू आणि उजवीकडे 6 का लिहितात, ते तिला तिथे कळलं. रासायनिक समीकरणं संतुलित करायची तिची भीतीही त्याच दिवशी गेली. एका विषयातून दुसऱ्यात असं सहज जाणं मी आधीच्या कोणत्याही शिकवणीत पाहिलं नव्हतं.

आनुवंशिकतेसाठी दोन नाणी 40 वेळा उडवली: दोन नाणी म्हणजे आई-वडील, छापा म्हणजे प्रभावी गुण, जो एकदा आला तरी दिसतो, आणि काटा म्हणजे दबून राहणारा. निदान एक छापा 27 वेळा पडला, दोन्ही काटे 13 वेळा. मुलगी हिरमुसली, कारण तिला नेमके 30 आणि 10 हवे होते. मग ताईंनी आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे वाटाण्याचे आकडे दाखवले: 5474 गोल बिया, 1850 सुरकुतलेल्या. तेही नेमके तीनास एक नाहीत, पण किती जवळ आहेत! इतक्या बिया का मोजाव्या लागतात, हे तिने स्वतःच मला समजावून सांगितलं.

आता खटकलेली बाजू. पहिल्या घटक चाचणीत गुण कमी झाले. उत्तरं येत होती, पण वेळेत लिहून होत नव्हती. लेखनाचा सराव ताईंनी सुरुवातीला घेतलाच नव्हता. मी बोलले तेव्हा त्यांनी ते मान्य केलं आणि दर पंधरा दिवसांनी घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका सुरू केली. सहामाहीत फरक दिसला. भौतिकशास्त्र मात्र अजून अडतं. आरशाच्या आणि भिंगाच्या उदाहरणांत चिन्हसंकेतावर, म्हणजे कोणतं अंतर धन आणि कोणतं ऋण धरायचं यावर, दोनदा पूर्ण तास गेला, तरी मुलीचा गोंधळ तसाच राहिला.

परीक्षा दोन महिन्यांवर आली असेल आणि फक्त गुण वाढवायचे असतील, तर ही पद्धत संथ वाटेल. आम्ही दहावीलाही जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र त्यांच्याकडेच ठेवणार आहोत. भौतिकशास्त्रासाठी दुसरं कोणी बघा, हे त्यांनीच सुचवलं, तो शोध सध्या चालू आहे.