5,100 च्या अनुदानापायी 23,500 घालवले

पंचगंगेकाठी 30 गुंठे ऊस आहे. 2019 ला बुडाला, 2021 ला बुडाला, आणि आता परत. पंचनामा झाला, चावडीवर यादी लागली, नावापुढं विशिष्ट क्रमांक आला. बागायतीला हेक्टरी 17,000 ठरले होते, म्हणजे माझ्या वाट्याला 5,100. केवायसी केली की खात्यावर जमा. हे सगळं खरं होतं, म्हणून तर फसलो.

देवळापुढं एक पोरगं टेबल टाकून बसलेलं. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, हातात आमच्या गावची यादी. "आण्णा, तालुक्याला हेलपाटा कशाला घालताय? 100 रुपयांत हितंच करतो की." त्यानं माझा क्रमांक वाचून दाखवला आणि मी आधार कार्ड काढून दिलं. चावडीवरच्या यादीचा फोटो कुणीही काढू शकतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

अंगठा ठेवला. "उठंना." पुसून परत ठेवला. "परत उठंना." मग तिसऱ्यांदा. शंका कशी आली नाही म्हणून माझा पोरगा अजून बोलतो. अरे बाबा, खुरप्यानं आणि उसाच्या पाल्यानं बोटांच्या रेघाच गेल्यात, रेशन दुकानात चार-चार वेळा ठेवावा लागतो! शंका यायची जागा वेगळीच होती. मध्येच त्यानं विचारलं, "खातं कुठल्या बँकेत हाय?" केवायसीला बँकेचं नाव कशाला? अनुदान आधार जोडलेल्या खात्यावर आपोआप जातं. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढं लागतं ते पैसे काढायला. मी नाव तर सांगितलंच, वर "शाखा पण सांगू काय?" म्हणालो. ते आठवलं की अजून रात्री उठून बसतो. पावती मागितली तर "सर्व्हर डाऊन हाय, संध्याकाळी या."

तीन अंगठ्यांत खात्यातून गेले 10,000, 10,000 आणि 3,500. कारखान्याचा हप्ता होता तो. अंगठ्यानं पैसे काढताना ओटीपी मागितला जात नाही, ध्यानात ठेवा. मेसेज गेले माझ्या पोराच्या बंद पडलेल्या नंबरावर, त्यामुळं बँकेत आपला चालू नंबर आहे का ते आजच बघून या. आठ दिवसांनी खताला पैसे काढायला गेलो तर खात्यात 212 रुपये.

बँकेतला साहेब मान वर न करता म्हणाला, "अंगठा तुमचाच आहे, आम्ही काय करणार?" तलाठी म्हणाले, आम्ही कुणाला बसवलंच नव्हतं. मग दोन दिवस देवळापुढं बसलेला माणूस गावात एकालाही दिसला नाही? पोलीस ठाण्यात तीन तास बसवून सांगितलं, हे सायबरचं काम, कोल्हापूरला जा. तिथं म्हणाले, बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते, आधी एफआयआरची प्रत आणा. एसटीला आणि झेरॉक्सला 640 रुपये गेले, ते वेगळेच. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला त्याच दिवशी फोन करायचा असतो, हे मला नवव्या दिवशी कळलं. बँकेतल्या त्या साहेबाला ते मी गेलो त्याच दिवशी सांगता आलं असतं, पण त्याला जेवायला जायचं होतं.

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करून ठेवता येतं. पोराकडून मोबाईलवर करून घ्या, लागेल तेव्हाच उघडा. आणि पावती हातात पडल्याशिवाय जागचं हलू नका.

केवायसी तर झालीच नव्हती. परवा तालुक्याच्या सेवा केंद्रात जाऊन करून आलो. अंगठा पहिल्या झटक्यात उठला.