ओपीडीच्या गर्दीत शिकवायचं कसं: वन-मिनिट प्रिसेप्टर की स्नॅप्स?

बाहेर केसपेपर घेऊन रांग, समोर केस सांगणारा इंटर्न. अशा वेळी ऑर्डर सांगून मोकळं होणं सोपं. रुग्णाचं काम होतं, शिकवणं राहतं. पुण्यातल्या एखाद्या मेडिसिन युनिटला नव्याने लागला असाल, तर कामात बसतील अशा दोन पद्धती आहेत. निवड करताना हातात वेळ किती, याआधी समोर कोण आहे ते बघा.

वन-मिनिट प्रिसेप्टर (प्रिसेप्टर म्हणजे काम करता करता शिकवणारा वरिष्ठ) १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी मांडली. यात सूत्रं तुमच्या हातात. पावसाळा सरताना रोज दिसणारी केस घ्या: तापाचा पाचवा दिवस, एनएस१ ही डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह, ताप कालच उतरलाय, पण पोट दुखतंय आणि उलट्या थांबत नाहीत. इंटर्नला आधी विचारा, "तू काय करशील?" तो म्हणतो, "सर, ताप गेलाय, प्लेटलेट नव्वद हजार आहेत, घरी पाठवू या." लगेच दुरुस्त करायला जीभ शिवशिवते, तिथेच थांबायचं. "कशावरून?" विचारलं की कळतं, गडी फक्त प्लेटलेट बघतोय. मग एकच नियम द्या: डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारासच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायचा धोका मोठा, पोटदुखी, सततच्या उलट्या, चढता हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) दिसला तर भरती. "ताप कधी उतरला हे नेमकं विचारलंस, ते चांगलं केलंस" हेही सांगा, आणि मग चूक. नावात मिनिट असलं तरी पाचेक मिनिटं धरा.

स्नॅप्स २००३ मधली, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची; नाव तिच्या सहा पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. इथे बोलायचं विद्यार्थ्याने: थोडक्यात केस, दोन-तीन शक्यता, त्यांची एकमेकींशी तुलना, स्वतःला न कळलेलं वरिष्ठांना विचारणं, उपचाराचा बेत आणि घरी वाचायचा एक मुद्दा. सेकंड किंवा थर्ड इयर रेसिडेंटसाठी, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरसाठी, मला हीच जास्त आवडते. अडतं चौथ्या पायरीवर. "मॅडम, हे मला कळलं नाही" असं सगळ्यांदेखत म्हणायची आपल्याकडे सवय नाही. व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, भीती वॉर्डातही पाठ सोडत नाही. पहिले काही दिवस "कुठे अडलं?" हे तुम्हीच विचारा. वाचायला दिलेला मुद्दा दुसऱ्या दिवशी विचारला नाहीत, तर आठवड्यात स्नॅप्सची निव्वळ केस प्रेझेंटेशन होते.

प्लीहा हाताला कशी लागते, हे दोन्हींतून येत नाही. त्यासाठी खाटेपाशीच जावं लागतं. आठवड्यातून एक राऊंड त्यासाठी ठेवा, एकच चिन्ह घ्या. आणि आधी "काका, ही मुलं तुमचं पोट तपासतील, चालेल ना?" एवढं विचारा. डोक्यावरून इंग्रजीत चर्चा चालली की नातेवाईक घाबरतात.

इंटर्न जास्त असलेल्या ओपीडीत वन-मिनिट, रेसिडेंटसोबत वॉर्डात निवांत दुपारी स्नॅप्स, असं मी सुचवेन. दोन्ही एकदम सुरू करू नका. नव्या माणसाला वन-मिनिट लवकर जमते, कारण त्यात मुलांना काही शिकवून तयार करावं लागत नाही. स्नॅप्सच्या पायऱ्या मात्र त्यांना आधी समजावून द्याव्या लागतात. कॅज्युअल्टीत बीपी लागत नसलेला पेशंट असेल तेव्हा यातलं काहीही नको. फ्लुइड सुरू होऊन पेशंट सावरला, की तिथेच काउंटरपाशी "पहिलं काय बघितलंस?" एवढं विचारलं तरी चालतं.