बाळाची सीट: आयसोफिक्सची की बेल्टची?

सांगलीहून वरचेवर पुण्याला जाणाऱ्या मावसबहिणीने विचारलंय, म्हणून लिहितेय: कारमध्ये बाळाला बसवायची सीट आयसोफिक्सची (गाडीतल्या कड्यांना थेट अडकणारी) घ्यावी की बेल्टची (गाडीच्या सीटबेल्टने बांधायची)?

खर्चात बेल्टवाली स्वस्त, त्यात वाद नाही. गाडी मात्र आधी बघ. आयसोफिक्सला मागच्या सीटच्या फटीत धातूच्या कड्या लागतात, जुन्या गाड्यांत त्या बहुधा नसतात.

खरा फरक बसवण्यात आहे. नीट बसवल्या तर दोन्ही चांगल्या, पण आयसोफिक्समध्ये चुकायला जागा कमी: दोन्हीकडे टक्क आवाज, हिरवी खूण, मग वरचा पट्टा मागे अडकवायचा किंवा सीटचा खालचा पाय गाडीच्या तळाला टेकवायचा. बेल्टवालीत सीटवर वजन देऊन पट्टा ओढावा लागतो, आणि घाईत तो हमखास सैल राहतो. अमेरिकेत सीट तपासणाऱ्या प्रमाणित तंत्रज्ञांना शिकवतात ती कसोटी तूही लाव: बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलव, २.५ सेंटिमीटरहून जास्त हलली तर पुन्हा बांध. आणि मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही, कितीही जवळ जायचं असलं तरी!

घरची एकच नवी गाडी आणि सीट काढ-घाल आजोबाही करणार असतील, तर आयसोफिक्स घे. कधी भावाची, कधी भाड्याची गाडी असेल तर बेल्टचीच बरी.