व्हिएन्नात विग घालून टोपी घालणारे

व्हिएन्नाच्या मध्यवर्ती श्टेफान्सप्लाट्झ चौकात मेट्रोतून वर आलं की कॅथेड्रलसमोर लांब कोट आणि पांढरा विग घातलेले तीन-चार 'मोझार्ट' हातात फाईल घेऊन, पर्यटकांना मैफलींची तिकिटं विकायला उभे दिसतात. शहरातल्या मुख्य ऑपेरागृहाच्या, म्हणजे स्टेट ऑपेराच्या बाहेर आणि केर्न्टनर श्ट्रासेवरही तीच मंडळी. पाठीवर वाद्याची केस असलेला माणूस त्यांना लांबूनच कळतो. "म्युझिशियन? मग तुम्हाला खास रेट!" सगळी सुरुवात इथून. (खऱ्या मोझार्टचं 1784 ते 1787 मधलं घर कॅथेड्रलच्या मागेच, डोमगासे 5 मध्ये आहे. तिथे विग घालून कोणी अडवत नाही.)

एक गोष्ट आधी समजून घ्या. तिकीट बहुतेक वेळा बनावट नसतं. तुम्हाला वाटतं एक आणि कागदावर असतं दुसरंच. म्हणूनच नंतर तक्रार करायला गेलं की हात चोळत बसावं लागतं.

बोलण्याची पद्धत बघा. 'फिलहार्मोनिक' हा शब्द विकणारा सहसा स्वतः काढत नाही. तो शब्द तुम्ही काढता आणि तो हसून मान हलवतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिक ही 1842 पासूनची वाद्यवृंदाची संस्था, आणि तिचे वादक स्टेट ऑपेराच्या वाद्यवृंदातूनच येतात. फाईलमधल्या कार्यक्रमाच्या नावात 'व्हिएन्ना', 'मोझार्ट', 'श्ट्राउस', 'ऑर्केस्ट्रा' हे शब्द उलटसुलट जोडलेले असतात. बऱ्याचदा प्रत्यक्षात मोजके वादक, दोन गायक आणि नाचणारी एक जोडी. सुरुवातीला मोझार्ट, मध्ये दोन-चार आरिया (ऑपेरातली एकल गाणी), शेवटी 'ब्लू डॅन्यूब' आणि टाळ्यांच्या ठेक्यावर 'राडेट्झकी मार्च'. वादक चांगले असू शकतात, त्यांचंही पोट आहे. रड आहे ती किमतीची आणि न सांगितलेल्या गोष्टींची.

दुसरी मेख सभागृहाची. "कार्यक्रम म्युझिकफेराईनमध्ये (व्हिएन्नाच्या प्रसिद्ध मैफलगृहात) आहे" हे वाक्य खरं असूनही फसवं ठरू शकतं. डोळ्यासमोर 1870 चा सोनेरी हॉल येतो: 1744 खुर्च्या आणि उभं राहून ऐकणाऱ्या 300 जणांची जागा. पण त्याच इमारतीत ब्राम्स-झाल हा दुसरा, लहान हॉल आहे आणि 2004 मध्ये जमिनीखाली बांधलेले चार लहान हॉलही आहेत. आणि सोनेरी हॉल मिळाला म्हणजे फिलहार्मोनिक मिळाली असंही नाही. पर्यटकांसाठीचे वेशभूषेतले कार्यक्रम तिथेही होतात. राजवाड्यांचं तसंच. 'शोनब्रुन' म्हणजे महालाचा मुख्य दिवाणखानाच असेल, असं धरून चालू नका.

खुर्चीचा घोळ सगळ्यात महागात पडतो. नाटकाच्या प्लॅनवर बोट ठेवून खुर्ची घेणारे आपण, आणि इथे नुसतं 'कॅटेगरी ए' लिहिलेला कागद घेऊन बाहेर पडतो. अनेकदा 'ए'मध्ये खुर्चीचा क्रमांकच नसतो, आधी येईल तो पुढे बसतो. कधी ए आणि बी यांत दोन रांगांचाच फरक असतो, पैशांत मात्र पंचवीस-तीस युरोंचा. आसनांचा नकाशा मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथूनच काढता पाय घ्या.

तारीख बघितली तरी बरंच कळतं. स्टेट ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये "आज रात्री स्टेट ऑपेरा" असं कोणी म्हणालं तर पुढचं ऐकायचीही गरज नाही. फिलहार्मोनिकच्या नववर्ष मैफलीची तिकिटं संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच्या फेब्रुवारीत नोंदणी होऊन सोडतीने मिळतात; डिसेंबरात फुटपाथवर ती "दोनच उरलीत" म्हणून कोणी देत असेल, तर तो गळ आहे.

पैसे देताना मशीन स्वतःच्या हातात घ्या. भारतीय कार्ड घातलं की पडद्यावर 'रुपये की युरो' असा प्रश्न येतो आणि विकणारा मदतीच्या आविर्भावात रुपयांचं बटण दाबतो. तो दर मशीनवाल्यांचा, आणि बहुधा तुमच्या बँकेपेक्षा काही टक्के महाग. नेहमी युरोच. रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय हलू नका. पावतीवर वाद्यवृंदाचं पूर्ण नाव, हॉलचं पूर्ण नाव, तारीख, वेळ आणि रक्कम हवी.

खरा ऑपेरा स्वस्तात ऐकायचा तर स्टेट ऑपेराची उभ्याची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, साधारण वीस युरोच्या आत. पूर्वी जागा मिळाली की समोरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून ती राखायची पद्धत होती.  वाद्याची केस मात्र आत नेऊ देत नाहीत, ती गार्डरोबमध्ये (कोट-सामान ठेवायच्या खोलीत) ठेवावी लागते. सतार-तानपुऱ्यासारखं मोठं वाद्य हॉटेलवरच ठेवलेलं बरं.

फसगत झालीच, तर 'युरोपात 14 दिवसांत खरेदी रद्द करता येते' या भरवशावर राहू नका. ठरलेल्या तारखेच्या कार्यक्रमांना तो नियम लागू नाही. त्यापेक्षा पत्रक, पावती, तिकिटाच्या दोन्ही बाजू आणि हॉलच्या दारावरची त्या दिवसाची पाटी यांचे फोटो लगेच काढा. कार्डाने पैसे दिले असतील तर आपल्या बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने दिलेले पैसे परत मिळवण्याचा अर्ज) मागा. अर्जात 'कार्यक्रम आवडला नाही' असं लिहिलंत तर तो फेटाळला जाईल. पत्रकावर काय छापलं होतं आणि प्रत्यक्षात काय दिलं, एवढंच शेजारी शेजारी मांडा.