ठाण्याहून नागपूरला कॉन्फरन्सला: विदर्भ, विमान की समृद्धी?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात काम करते, आणि आमच्या डिपार्टमेंटमधून दरवर्षी पाच-सहा जण कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्सला जातो. नागपूरला ट्रेनने, विमानाने आणि गाडी काढून असं तिन्ही प्रकारे जाऊन झालंय, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, जाताना रात्रीची ट्रेन, येताना विमान, आणि गाडी फक्त तेव्हाच जेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचंच प्रेझेंटेशन नाही.

ट्रेन म्हणजे आपल्यासाठी विदर्भ एक्सप्रेस. सीएसएमटीहून सातच्या सुमारास सुटते आणि पाऊण तासाच्या आत ठाण्याला येते, म्हणजे ओपीडी जरा लवकर आटपून घरून बॅग उचलून आरामात गाठता येते, आणि सकाळी नऊच्या सुमारास नागपूर. दुरांतो जास्त फास्ट आहे पण ठाण्याला थांबत नाही, तिच्यासाठी सामान घेऊन आधी सीएसएमटीला जायचं आणि मग त्याच गाडीत बसून ठाण्यावरूनच परत पुढे जायचं, मला तरी ते पटत नाही. थर्ड एसीचं तिकीट हजार ते दीड हजाराच्या मधे कुठेतरी पडतं. एक गोष्ट मात्र आधी बघा, एका पीएनआरवर सहाच जण बसतात आणि तत्काळमधे तर चारच, त्यामुळे सात जण असाल तर सातवा माणूस भलत्याच डब्यात जाऊन पडतो, आणि तो बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात नवीन असतो ज्याला खरं म्हणजे बाकीच्यांबरोबर बसायची जास्त गरज असते.

ही गरज म्हणजे काय ते सांगते. मागच्या वेळी आमची एक ज्युनिअर पहिल्यांदाच पेपर वाचणार होती, गुडघ्याच्या संधिवातात मांडीच्या स्नायूंचे व्यायाम असा विषय, आणि वेळ आठ मिनिटं. कल्याण सोडल्यावर डबे उघडले, थालीपीठं संपली, मग तिने लॅपटॉप मांडीवर घेऊन बोलायला सुरुवात केली आणि सिनिअर मॅडमनी मोबाईलवर टायमर लावला. पहिल्यांदा अकरा मिनिटं, दुसऱ्यांदा साडेनऊ. कसाऱ्याला मागे बँकर, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लागली, गाडी हळूहळू घाट चढायला लागली, बोगद्यात नेटवर्क गेलं आणि सगळ्यांचे मोबाईल आपोआप खाली ठेवले गेले. समोर बडनेऱ्याला उतरणारे एक काका होते, ते इतका वेळ शांतपणे ऐकत होते, ते म्हणाले, "ते बरोबर हाय मॅडम, पण माह्या गुडघ्याचं सांगा न, पायऱ्या चढू का नको?" तिने त्यांना साध्या मराठीत समजावलं, खुर्चीत बसून पाय कसा सरळ करायचा, किती वेळ धरायचा, हे बर्थवर बसूनच करून दाखवलं. इगतपुरी यायच्या आत तिने शेवटची स्लाइड बदलली होती, आकड्यांच्या जागी पेशंटला घरी काय सांगायचं ते तीन ओळीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न आले ते त्याच स्लाइडवर. हे विमानात झालं नसतं, तिथे तिघं एका रांगेत, दोघं पार मागे, आणि एकदा बेल्ट लावला की बोलणं संपलं.

विमान हवेत दीड तासच असतं हे खरंय, पण मोजताना घराच्या दारापासून मोजा. घोडबंदरहून हायवे, पुढे जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, संध्याकाळची वेळ असेल तर तिथेच किती जाईल सांगता येत नाही, वर दोन तास आधी पोचायचं. आता तिकीट काढताना विमानतळ कुठला तेही नीट बघावं लागतं, कारण २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईहूनही विमानं सुरू झालीत, आणि वाशी-नेरूळ-खारघरवाल्यांची त्याने छान सोय झाली असली तरी ठाण्याहून उलवे, जिथे हे नवं विमानतळ आहे, म्हणजे ऐरोलीवरून अख्खा ठाणे-बेलापूर रोड उतरायचा. स्वस्त तिकीट बहुतेक पहाटेचं मिळतं. आम्ही एकदा सहाचं विमान घेतलं, तीनला घरून निघालो, म्हणजे झोप जवळपास नाहीच, आणि गेटवर पोस्टरच्या लांब नळीवरून एअरलाइनच्या माणसाशी वाद झाला, शेवटी ती चेक-इनमधे टाकावी लागली आणि नागपूरला हातात आली तेव्हा मधोमध वाकलेली. तेव्हापासून पोस्टर कापडावर छापतो आणि घडी करून बॅगेत ठेवतो, हे ट्रेनने जाणाऱ्यांनीही करा. नागपूरचं विमानतळ मात्र शहराला लागून आहे आणि मेट्रोही जवळ आहे, त्यामुळे उतरल्यावर वेळ जात नाही.

येताना विमान का म्हणते, तर परतीची विदर्भ संध्याकाळी पाचच्या सुमारास नागपूर सोडते, म्हणजे रविवारचा समारोप अर्धवट सोडून स्टेशनला पळायचं. रात्रीचं विमान घेतलं तर शेवटचं सेशन पूर्ण होतं, संत्रा बर्फी घेता येते आणि सोमवारी ओपीडीला उभं राहता येतं.

आता समृद्धी. जून २०२५ मधे इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून आमच्याकडे प्रत्येक मीटिंगमधे कुणीतरी म्हणतंच की गाडी काढू, भिवंडीपासून सरळ नागपूर, ७०१ किलोमीटर, आठ तास. रस्ता खरंच सुंदर आहे, कसारा घाटात तासभर घालवण्याऐवजी जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे. पैशाचा हिशोबही बसतो, टोल साडेचौदाशेच्या आसपास, पेट्रोल साधारण पाच हजाराचं, पाच डोकी असतील तर माणशी तेराशे, म्हणजे थर्ड एसीइतकंच. पण मी पाठी-माना बघणारी बाई आहे, मला हे आठ तास पटत नाहीत. जालन्यानंतर रस्ता इतका सरळ आणि एकसारखा आहे की डोळे उघडे असूनही माणूस सुस्त होतो, १२० च्या स्पीडला ते फार धोक्याचं आहे. आम्ही गेलो तेव्हा ज्याने सर्वात जास्त गाडी चालवली तो दुसऱ्या दिवशी मान वळवता येत नाही म्हणून मागच्या रांगेत बसला होता, आणि मधे बसलेलीची कंबर दोन दिवस धरलेली. जायचंच असेल तर चालवणारे किमान दोघं हवेत, दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटं चाला, टायर आदल्या दिवशी तपासून घ्या, आणि रात्री निघू नका. रात्रीच्या खासगी बसने तर मी टीमला पाठवणारच नाही, १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली ते अजून डोक्यातून जात नाही.

तारखा बघून निर्णय बदलू शकतो. डिसेंबरमधे हिवाळी अधिवेशन असलं की नागपुरात हॉटेलं भरलेली आणि विमानं महाग, आणि दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीला येणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा ट्रेनचं कन्फर्म मिळणं अवघड. पेपर पहिल्या सेशनला असेल तर एक रात्र आधी निघा, नऊची गाडी दोन तास लेट झाली तर पेपर गेलाच समजा. ट्रेनचं बुकिंग ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. आमच्याकडे एकजण सगळ्यांची नावं आणि वयं आदल्या दिवशीच भरून ठेवतो, आठला पाच कमी असताना लॉगिन करून बसतो, आणि सहाही बर्थ एकाच कंपार्टमेंटमधे मिळाल्या की मगच हॉटेलचं बघतो.