शेत की फ्लॅट? दांडग्या कुत्रीला नवं घर देताना

"शेतावर द्या हो, मोकळी राहील." चकलीला दुसरं घर बघायचं ठरलं तेव्हा हे वाक्य मी दहाजणांकडून तरी ऐकलं असेन. चकली म्हणजे आमची गावठी कुत्री. नाव शेपटीवरून पडलेलं, वय चौदा महिने आणि अंगात एवढी रग की सकाळी तासभर फिरवून आणली तरी नऊ वाजता पायपुसणं तोंडात धरून पुन्हा दारात हजर. दुसरं घर का, तेही सांगून टाकतो. बाजारातून आलेल्या आईच्या अंगावर तिने आनंदाने उडी मारली, आई पडली आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. वॉकर घेऊन चालणारी आई आणि चकली एका घरात नांदणं शक्य नव्हतं.

फोन बरेच आले. निम्म्यांनी "नर नाही का?" विचारून ठेवून दिले. नसबंदी झाली आहे, पिल्लांची भानगड नाही, हे सांगेपर्यंत पुढचा थांबतच नसे. संस्थेचा पर्याय मी लवकर सोडला, कारण चांगल्या संस्थाच सांगतात की घर मिळेपर्यंत कुत्रं तुमच्याकडे ठेवा, आमची जागा जखमी जनावरांना लागते. ते मला पटलं. शेवटी दोन ठिकाणं उरली: जुन्नर तालुक्यातलं मेहुण्याच्या ओळखीचं ऊस-कांद्याचं शेत आणि कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके.

खरं सांगायचं तर माझं मन शेताकडे होतं. तीन एकर रान, विहीर, कडेला आंब्याची झाडं. चकली तिथे कानात वारं भरल्यासारखी धावते आहे हे चित्र डोळ्यांसमोर आणूनच मी गाडी काढली होती. माणसंही मनमोकळी. चहा झाला, भाकरीचा आग्रह झाला. मग गोठ्याच्या कडेला माझं लक्ष गेलं. तिथे एक लोखंडी खुंटा होता आणि त्याच्याभोवती, कंपासने काढावं तसं, जमिनीवर एक वर्तुळ. आजूबाजूला हरळी माजलेली, पण वर्तुळात काडीसुद्धा नाही, नुसती तुळतुळीत माती. खुंट्याला साखळी तशीच अडकवलेली होती. दोन पावलं टाकली की संपेल एवढी.

"आधी होतं का कुत्रं?"

"होतं की. न्हेलं वाघानं, दिवाळीच्या आधी."

वाघ म्हणजे बिबट्या, हे त्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. मी साखळीबद्दल विचारलं. दिवसा बांधावंच लागतं, म्हणाले. कोंबड्या आहेत, शेजाऱ्याची शेरडं आहेत, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात. "रात्रीचं सोडतो की." यात त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. शेरडू मारलं तर भरपाई त्यांनाच द्यावी लागणार. पण हिशोब मनात झालाच. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बारा तास त्या वर्तुळात, आणि मोकळीक मिळणार ती नेमकी बिबट्या उसातून बाहेर पडतो त्या वेळी. अकोल्याच्या खोऱ्यात, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यात त्यांच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने जवळजवळ ४० टक्के. जुन्नरकडे काही जण कुत्र्याच्या गळ्यात काट्यांचा पट्टा घालतात तो हौस म्हणून नाही. बांधलेल्या कुत्र्याला तर पळायचीही सोय नाही.

(कायद्याचंही बोलून घेऊ. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हाही. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात चकलीचं एका दिवसाचं चिकनही येत नाही.)

आता फ्लॅट. तिथली मुलगी नोकरी करणारी, रोज पहाटे वेताळ टेकडीवर पळायला जाणारी, आणि घरी निवृत्त वडील. कागदावर हे ठिकाण कुठूनही कमीच. जागा आमच्यापेक्षा मोठी नाही, लिफ्टमध्ये कुत्रं नको म्हणणारं एक बिऱ्हाड सोसायटीत आहे, आणि चकली कुरिअरवाल्यावर भुंकते ती खालच्या चौकापर्यंत ऐकू जातं. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही हे खरं, पण शेजाऱ्याचं तोंड रोज बघायचं असतं. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला आधी विचारलं आहे का, हे खोदून विचारा. घर बदललं की कुत्रं परत, हा प्रकार मी ओळखीत दोनदा बघितला आहे. इथे फ्लॅट स्वतःचा होता, तेवढी चिंता मिटली.

पण मला पटलं ते वेगळंच. मी दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला होता: "दुपारी तीन वाजता ही कुठे असेल?" शेतावरचं उत्तर मी बघूनच आलो होतो. इथे त्या मुलीच्या वडिलांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. "माझ्या खुर्चीखाली. मी पेपर वाचतो, ती काय करेल ते करो." मग मुलगी म्हणाली, "काका, मला रोज सकाळी सहा किलोमीटर पळायचंच असतं. एकटीला कंटाळा येतो."

दांडग्या कुत्र्याला जागा लागते असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे, अर्थात एकाच कुत्रीचा. आमच्या बिल्डिंगचं आवार चांगलं मोठं आहे, पण चकलीला तिथे एकटीला सोडलं की दहा मिनिटं हुंगून ती फाटकापाशी बसून राहायची. दमायची ती माणसाबरोबर. टेकडीच्या चढावर, किंवा पोळीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून ते शोधायला लावले की. रिकामं रान तिला किती दिवस पुरलं असतं, मला शंकाच आहे.

द्यायच्या आधी पंधरा दिवसांची बोली केली. जमलं नाही तर कुठल्याही वेळी फोन करा, मी येऊन घेऊन जाईन, कारण विचारणार नाही. लसीकरणाचं पुस्तक दिलं, महापालिकेचा परवाना त्यांच्या नावावर करायचं ठरलं आणि तिचं न धुतलेलं अंथरूण दिलं. चौथ्या दिवशी फोन आला. मोर दिसला, पट्टा हातातून निसटला, वीस मिनिटं पत्ता नव्हता. मला वाटलं, झालं, आता परत आणावी लागणार. पण मुलीला एवढंच विचारायचं होतं की छातीवरचा पट्टा कुठल्या मापाचा घेऊ.

शेत वाईटच असं मी म्हणत नाही. सासवडजवळ एका मित्राचं रान आहे. चारी बाजूंनी उंच जाळी, माणसं तिथेच राहतात, कुत्री रात्री घरात झोपतात. त्यांनी मागितली असती तर मी कदाचित तिकडेच दिली असती. तेव्हा शेत बघायला जाल तर रानाकडे नंतर बघा, आधी खुंट्याभोवतीची जमीन बघा.

जुन्नरला नाही म्हणायला फोन केला तेव्हा ते जराही रागावले नाहीत. "बरं बरं," म्हणाले, "दुसरं एखादं असलं तर सांगा. साखळी हायेच आपल्याकडं."