कालव्याचा मक्ता कुणाला द्याल?

समजा, तुम्ही एकोणिसाव्या शतकात निकाराग्वाचे किंवा कोलंबियाचे मंत्री आहात (पनामा तेव्हा कोलंबियातच होता). तिजोरीत खडखडाट, पण अटलांटिक आणि पॅसिफिक यांच्यामधली चिंचोळी जमीन तुमच्या हद्दीत. परदेशी पाहुणे दारात उभे: आम्ही खणतो, तुम्ही फक्त मक्ता द्या. आपल्याकडच्या बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) रस्त्यांचे वाद ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातली बरीच भाषा ओळखीची वाटेल.

पहिला पाहुणा न्यूयॉर्कचा जहाजमालक, कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट. १८४९ मध्ये त्याच्या कंपनीने निकाराग्वाशी करार केला. बांधायला १२ वर्षं, मक्ता ८५ वर्षांचा, आणि काम पूर्ण होईपर्यंत सरकारला दरसाल १०,००० डॉलर. पाहणी झाली तेव्हा खर्चाचा आकडा ३ कोटी १५ लाख डॉलरच्या घरात गेला. लंडनच्या सावकारांनी हात वर केले आणि कालवा कागदावरच राहिला.

पण खरी गंमत एका पोटकलमात होती. कालवा होईपर्यंत तात्पुरत्या वाहतुकीचा हक्कही कंपनीकडेच होता, आणि त्या नफ्यातला १० टक्के वाटा सरकारला मिळायचा होता. कॅलिफोर्नियात नुकतंच सोनं सापडलेलं. माणसं अटलांटिकच्या बाजूच्या ग्रेटाउन बंदरात उतरत, सान हुआन नदीतून बोटीने वर जात, निकाराग्वाचं भलंमोठं सरोवर ओलांडत आणि शेवटचे बाराएक मैल खेचरावर किंवा घोडागाडीत बसून पॅसिफिकचा किनारा गाठत. गर्दी भरपूर, तिकिटं भरपूर. सरकारने वाटा मागितला की उत्तर एकच: निव्वळ नफा झालेलाच नाही. वह्या कंपनीच्या, लिहिणारे कंपनीचे, मग ‘निव्वळ’ म्हणजे काय हे दुसरं कोण ठरवणार? १८५६ मध्ये विल्यम वॉकर नावाच्या अमेरिकन बंडखोराने हा मक्ता रद्द करवला आणि त्याच वर्षी तो स्वतःच निकाराग्वाचा अध्यक्ष होऊन बसला.

याच्या शेजारी कोलंबियाने १८७८ मध्ये फ्रेंचांना दिलेला मक्ता ठेवून बघा. मुदत ९९ वर्षं, साडेसात लाख फ्रँक अनामत, आणि सरकारचा वाटा ढोबळ, म्हणजे खर्च वजा न केलेल्या, उत्पन्नावर, ५ टक्क्यांपासून चढत ८ टक्क्यांपर्यंत. ढोबळ! या एका शब्दाने वह्यांची सगळी भानगड मिटते. शिवाय एक अट अशी की, हा मक्ता कुठल्याही परकीय सरकारला विकता येणार नाही. कागद म्हणून मला हाच सगळ्यांत पक्का वाटतो.

पैशांची बाजू मात्र लंगडी. सुएझ कालवा काढणाऱ्या फर्दिनांद द लेसेप्सने तिथल्यासारखंच इथेही लोकांच्या बचतीवर काम काढलं. १८८० च्या डिसेंबरात ५०० फ्रँकचा एक असे सहा लाख शेअर विकले गेले. घेणारे एक लाखाहून जास्त, आणि बहुतेकांकडे एक ते पाच शेअर. सुएझला सपाट वाळवंट होतं. इथे डोंगर, पाऊस आणि पिवळा ताप. मग कर्जरोखे, त्यावर आणखी कर्जरोखे, शेवटी १८८८ मध्ये लॉटरीचे रोखे. फेब्रुवारी १८८९ मध्ये कंपनी बुडाली. शून्याचे ५ टक्के शून्यच, मग ते ढोबळ असोत की निव्वळ.

जेम्स ईड्स हा अमेरिकन इंजिनिअर मेक्सिकोत जहाजंच रुळांवरून ओढून न्यायची म्हणत होता. त्याला अमेरिकन सरकारची हमी हवी होती. ती मिळण्याआधीच, १८८७ मध्ये, तो वारला.

उरतं सरकार. १८८४ मध्ये अमेरिकेने निकाराग्वापुढे ठेवलेला मसुदा ऐकायला गोड होता: खर्च आमचा, मालकी दोघांची, निव्वळ उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तुमचा. अडचण अशी की, १८५० च्या करारात अमेरिकेने ब्रिटनला शब्द दिला होता की अशा कालव्यावर दोघांपैकी कुणीही एकट्याचा ताबा घेणार नाही. अमेरिकन सिनेटने मसुदा मंजूर केला नाही आणि नव्या अध्यक्षांनी तो परत घेतला. भागीदार श्रीमंत असून काय, त्याच्या घरातच एकमत नव्हतं.

१९०३ पर्यंत ब्रिटनची आडकाठी दूर झाली होती. कोलंबियाला अमेरिकेचा देकार आला: १ कोटी डॉलर रोख, पुढे वर्षाला अडीच लाख, पट्टा १०० वर्षांचा, मुदत वाढवायची मुभा अमेरिकेला. बुडालेल्या फ्रेंच कंपनीच्या वारसांना मात्र ४ कोटी. कोलंबियाच्या सिनेटने ऑगस्टमध्ये नकार दिला. मला यात हावरटपणा दिसत नाही. फ्रेंचांचा मक्ता अमेरिकेला विकायला कोलंबियाची संमती लागणार होती, कारण १८७८ ची ती अट जिवंत होती. त्या संमतीची किंमत मागणं हा साधा व्यवहार होता.

तरीही तुम्ही मंत्री असाल, तर सही करण्याआधी टक्केवारीची पानं बाजूला सारा आणि १८४६ चा करार कपाटातून काढा. त्यात पनामातली ये-जा खुली ठेवण्याची हमी अमेरिकेने घेतली होती आणि कोलंबियाने ती आनंदाने लिहून दिली होती. म्हणजे पहारेकरी आधीच नेमलेला होता.

३ नोव्हेंबर १९०३ च्या सकाळी कोलंबियाचे सुमारे पाचशे सैनिक पनामाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या कोलोन बंदरात उतरले. आदल्या दिवशीच तिथे अमेरिकन युद्धनौका ‘नॅशव्हिल’ येऊन थांबली होती. तिथून पॅसिफिककडे जाणाऱ्या रेल्वेच्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी सेनापतींना अदबीने डब्यात बसवून पलीकडे पनामा शहरात पाठवलं. सैनिकांसाठी डबे नाहीत म्हणाले. संध्याकाळी ते सेनापती पनामातल्या बंडखोरांच्या अटकेत होते आणि पनामा स्वतंत्र झाला होता. दोन आठवड्यांत नव्या देशाच्या नावाने करार झाला: रक्कम तीच, पण पट्टा दहा मैल रुंद आणि मुदत कायमची. कोलंबियाला त्यात काहीच नव्हतं. १९२१ मध्ये अमेरिकन सिनेटने तिला अडीच कोटी डॉलर देण्याचा करार मंजूर केला, तोवर कालव्यातून जहाजं जायला लागून जवळपास सात वर्षं झाली होती.